नदी ठेक्याने, मासा मोलाने

नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस आपल्याकडे पूर्वीपासून थट्टेचा विषय आहे. ज्याला काम नाही तो गळ टाकतो, असे आपण म्हणतो. मुलगा शाळा चुकवून नदीवर गेला की घरात त्याची खरडपट्टी निघते. थट्टा एक वेळ सोसता येते. पण अलीकडे लातूर व नांदेड जिल्ह्यांत या माणसाला एक नवे विशेषण चिकटले आहे. ते विशेषण आहे 'चोर'. ज्या पाण्यात त्याच्या आज्याने गळ टाकला, त्या पाण्यावरून त्याला हुसकावले जाते, त्याची काठी मोडली जाते, पिशवीतले चार मासे काढून घेतले जातात आणि वर पोलिसांत देण्याची धमकी मिळते. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक मजूर कुटुंबांनी हे सोसले आहे. तेव्हा खरा चोर कोण, हा प्रश्न एकदा नीट विचारला पाहिजे. तो आम्ही येथे विचारणार आहोत.

धर्मगुरूंनी माशांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ख्रिस्तसभेचा आरंभच मासे पकडणाऱ्यांपासून झाला. प्रभूने बारा जण निवडले, त्यांतले निदान चार जण जाळ्यांवरून उठून आले होते. छळाच्या काळात ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला ओळखावे म्हणून जी खूण रेखाटली, ती माशाची. ज्या धर्माने माशाला आपली खूण मानले, त्या धर्माच्या लोकांनी आपल्या गावच्या नदीतून मासा आणि मासेमार दोन्ही नाहीसे होत असताना गप्प बसावे, हे आम्हांस शोभत नाही.

प्रथम हे 'गळ टाकणे' म्हणजे काय ते पाहू. शहरातील वाचकांना वाटेल की ही हौसेची गोष्ट आहे. आमच्या भागात ती हौस कधीच नव्हती. कळकाची काठी, गजभर दोरा, बाजारातून आणलेला एक लोखंडी गळ, तरंगण्यासाठी ज्वारीच्या धाटाचा तुकडा, आणि आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी. एवढ्या भांडवलावर शेतमजूर माणूस संध्याकाळचे कोरड्यास मिळवीत असे. मरळ लागली तर सण; वाम लागला तर शेजाऱ्याला वाटा; शिंगटा लागला तर काटा सांभाळून काढायचा. काठावर बायका जुन्या लुगड्याच्या पदराने झिंगे गाळीत. ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबाला पावसाळ्यापर्यंतचे दिवस ढकलायचे असत, तेव्हा हा मासा बिनपैशाचा असे. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असे आणि डाळ परवडत नसे, तेव्हाही नदीच मदतीला येई. आज त्याच घरात शुक्रवारी आठवडी बाजारातून बर्फात घातलेला, आंध्रातून ट्रकने आलेला रोहू नाहीतर पंगस तोलून आणावा लागतो. पैसा नसला तर तोही नाही. नदी उंबऱ्याशी असताना मासा परराज्यातून यावा, याला आम्ही प्रगती म्हणायला तयार नाही.

हे कसे झाले, ते समजण्यासाठी नदीकडेच गेले पाहिजे. मांजरा बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूरला वळसा घालून ती कर्नाटकात, तेथून तेलंगणात जाते, आणि पुन्हा नांदेडच्या सीमेवर येऊन कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीला मिळते. गोदावरी परभणीकडून नांदेडात येते, आसनेला पोटात घेते आणि धर्माबाद तालुक्यातून राज्याबाहेर पडते. तेरणा, तावरजा, रेणा, घरणी, मन्याड, लेंडी या साऱ्या लेकी याच संसारातल्या. या नद्या बारमाही नव्हत्या. उन्हाळ्यात धार तुटे. पण डोह राहत. त्या डोहांत मासा उन्हाळा काढी आणि मृगाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत चढून अंडी घाली. चढणीचे मासे हा शब्द आमच्या लहानपणी प्रत्येक पोराला ठाऊक होता. आज धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले तर निम्मी मुले तोंडाकडे पाहतात.

मग धरणे आली. पैठणचा नाथसागर झाला, मांजरेवर धनेगावचे धरण झाले, नांदेडजवळ विष्णुपुरीचा शंकरसागर झाला, धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा झाला. मधल्या पात्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि नंतर उच्च पातळी बंधारे यांची माळच गुंफली गेली. या धरणांना आमचा विरोध नाही. तहानलेल्या मराठवाड्यात बसून धरणाला शिव्या देणे हा कृतघ्नपणा होईल. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले आणि त्याआधी पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, हे आम्ही विसरलेलो नाही. आमचे म्हणणे वेगळेच आहे. धरणाने पाणी अडवले, तेव्हा पाण्याबरोबर एक हक्कही अडवला गेला. आणि त्या हक्काची नोंद कोणत्याही पुनर्वसनाच्या कागदावर झाली नाही.

नदीचे तळे झाले की काय होते

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका जुन्या भेदाकडे वेधू इच्छितो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असे सांगितले आहे की सेतूतील, म्हणजे बांध घालून अडवलेल्या पाण्यातील मासे, तराफे आणि भाजीपाला यांवर राजाचे स्वामित्व असावे. राजाने बांध घातला, म्हणून बांधातले राजाचे, असा त्यामागील विचार. दुसरीकडे इसवी सनाच्या सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध करविले, त्यात नद्या सार्वजनिक असून त्यांत मासे पकडण्याचा हक्क सर्वांना समान आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या गुरुविद्यालयात ख्रिस्तसभेचा कायदा शिकताना या रोमन कायद्याची ओळख करून घ्यावी लागते. इंग्लंडात १२१५ साली राजाकडून जी सनद लिहून घेतली गेली, त्या मॅग्ना कार्टातही थेम्स आणि मेडवे नद्यांत मासे धरण्यासाठी घातलेले बांध काढून टाकण्याचे कलम आहे. थोडक्यात, बांधातले पाणी राजाचे आणि वाहते पाणी लोकांचे, असा विवेक जगात फार पूर्वीपासून दिसतो.

मराठवाड्यात गेल्या पन्नास वर्षांत काय घडले? वाहत्या नदीचे एकामागून एक तळे केले गेले. नदीचे नाव तेच राहिले. पण पाण्याची जात बदलली. जे पाणी काल 'नदी' होते ते आज 'जलाशय' झाले, आणि जलाशय म्हटला की मासेमारीचा ठेका आला. ठेका आला की ठेकेदार आला, ठेकेदार आला की राखणदार आला, आणि राखणदाराच्या हातात काठी आली. ज्याच्या हातात पूर्वीपासून काठी होती, त्याची मात्र मोडली. कौटिल्याचा राजा बांधापुरता मालक होता; आमच्या काळात बांध एवढे झाले की राजाची मालकी नदीभर पसरली. कोणी कायदा करून गरिबाचा गळ काढून घेतला नाही. तो न बोलता, न विचारता, नकाशावरचा एक शब्द बदलून काढून घेतला गेला. म्हणूनच त्याविरुद्ध दादही कोठे मागता येत नाही.

ठेक्याचे समर्थन आणि त्याचे उत्तर

ठेक्याची बाजू आम्ही ऐकून घेतली आहे, आणि ती हास्यास्पद नाही. मच्छीमार सहकारी संस्था शासनाला रक्कम भरते. बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडते. ती वाढेपर्यंत राखण करते. मग येणाऱ्याजाणाऱ्याने काठावर बसून ती ओढून न्यावी, हे कसे चालेल? शेतकऱ्याच्या उभ्या पिकात कोणी शिरले तर तो सोडील काय?

या युक्तिवादाला आमची तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, संस्थेने सोडलेली बोटुकली असते कटला, रोहू आणि मृगळ यांची. मरळ, वाम, शिंगटा आणि झिंगे कोणी सोडलेले नाहीत. ते परमेश्वराने सोडलेले आहेत, आणि धरण होण्यापूर्वीपासून तेथे आहेत. गांडूळ लावून काठाच्या गवताशी बसणाऱ्या माणसाला बहुधा हेच मासे लागतात. ज्याने पेरलेच नाही त्याने ते आपले पीक म्हणू नये. दुसरे असे की, एका गळाला एका वेळी एक मासा लागतो. बारीक आसाचे जाळे रात्रभर पाण्यात सोडले तर त्यात अंडी घालणारी मादीही येते आणि बोटाएवढे पिल्लूही येते. जलाशय रिकामा होण्याची भीती असेल तर ती जाळ्याची बाळगावी. गळाने जलाशय रिकामा झाल्याचे उदाहरण आम्हांस कोणी दाखवावे. तिसरे उत्तर महत्त्वाचे आहे. शेत शेतकऱ्याचे असते. जलाशय ठेकेदाराचा नसतो. १९९६ च्या अखेरीस हिमाचलातील बियास नदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की नदीसारखी निसर्गसंपत्ती शासनाकडे लोकांची विश्वस्त ठेव म्हणून असते. विश्वस्ताने ठेवीचे उत्पन्न घ्यावे. पण मूळ मालकालाच दारातून हाकलावे, असा विश्वस्त आम्ही पाहिलेला नाही.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. हा लेख भोई बांधवांविरुद्ध आहे, असे कोणी समजू नये. भोई समाज हा नदीचा पहिला वारसदार आहे आणि त्याच्यावर अन्याय सर्वांत आधी झाला आहे. सहकारी संस्था त्याच्यासाठी निघाल्या, हे योग्यच झाले. पण संस्था भोयांची, सह्या भोयांच्या आणि पैसा मात्र बाहेरच्या व्यापाऱ्याचा, अशी स्थिती किती ठिकाणी आहे, हे त्या समाजातील जाणत्यांनाच विचारावे. जेथे व्यापारी पैसा घालतो तेथे भोई स्वतःच्या पाण्यावर मजूर होतो, आणि त्याच मजुराला काठावरच्या दुसऱ्या मजुराला हाकलण्याच्या कामावर ठेवले जाते. दोन गरीब एकमेकांवर धावून जातात आणि मासा तिसऱ्याच्या ट्रकमधून निघून जातो. सहकाराच्या नावाखाली हे चालू द्यायचे काय, याचा विचार भोई समाजाने आणि आपण एकत्र बसून केला पाहिजे.

मासा कोठे गेला

मासेमाराचा हक्क गेला आणि त्याच वेळी मासाही गेला, हा योगायोग नाही. नदीवर रोज बसणारा माणूस हा नदीचा पहारेकरी असतो. पाण्याचा रंग बदलला, फेस आला, मासा वर येऊन तोंड उघडू लागला, डोह भरून आला, हे सर्वांआधी त्याला कळते. कोणत्याही खात्याचा निरीक्षक इतका वेळ काठावर बसत नाही. तो पहारेकरी उठवला गेला आणि नदी उघडी पडली.

मग वाळू गेली. गोदावरीची आणि मांजरेची वाळू हे नांदेड जिल्ह्याचे सोने झाले. बिलोली तालुक्यातील येसगीची वाळू परराज्यापर्यंत नावाजली गेली. पात्रात तराफे आणि पंप चालतात. महसूल खात्याचे लोक येऊन तराफे जाळतात. बातमी छापून येते. आठवड्याने नवे तराफे तरंगू लागतात. वाळू ही नदीची गादी आहे. तिच्यात पाणी मुरून राहते, तिच्या कडेने मासा अंडी घालतो. गादी काढून घेतली की उरतो तो चिखल आणि खडक. एक गळ घेऊन बसलेला माणूस चोर ठरतो. रात्रभर नदी उपसणारा 'व्यावसायिक' ठरतो.

मग शहरांचे सांडपाणी आले. नांदेड शहरातील नाल्यांनी गोदावरीचे काय केले, ते घाटावर उभे राहणाऱ्या कोणासही नाकाने कळते. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त घाट बांधले गेले, दिवे लागले, आणि देशोदेशीच्या यात्रेकरूंचे स्वागत झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दगडी घाटाखालचे पाणी जर श्वास घेण्याजोगे राहिले नाही, तर दिव्यांचे प्रतिबिंब कशात पडणार? मोशेच्या काळी नील नदीचे रक्त झाले तेव्हा तिच्यातील मासे मेले आणि पाण्याला दुर्गंधी सुटली, असे निर्गमाच्या ग्रंथात वाचावयास मिळते. तेथे ती फारोच्या हट्टाला झालेली शिक्षा होती. आमच्याकडे हट्ट नगरांचा आणि शिक्षा माशाला.

आणि शेवटी परके मासे आले. ज्याला आपण चिलापी म्हणतो तो मासा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ साली आणला गेला. तो कोठेही जगतो, कसाही वाढतो आणि दुसऱ्याचे घर बळकावतो. थाई मांगूर या मांसभक्षक माशावर केंद्र शासनाने २००० सालीच बंदी घातली. तरी तो चोरून पाळला जातो. दुष्काळात जलाशय कोरडे पडतात, पुन्हा भरतात आणि त्यांत पुन्हा तीच तीन-चार जातींची बोटुकली ओतली जाते. २०१६ साली मांजरेच्या कोरड्या पात्राची छायाचित्रे देशभर छापली गेली. लोकवर्गणीतून पात्र खोल करण्यात आले. हेतू पुण्याचाच होता. परंतु त्या सगळ्या धावपळीत मांजरेचे डोह कोठे होते आणि त्यांत कोणते मासे उन्हाळा काढीत, हे काठच्या गळवाल्याला कोणी विचारले काय? नदी म्हणजे पाण्याचा हौद, अशी आमची समजूत झाली आहे. हौद खोल केला की काम संपले.

बाभळीच्या बंधाऱ्याचे उदाहरण येथे बोलके आहे. दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बंधाऱ्याची दारे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडी राहतील. भांडण होते टीएमसीचे. माशाचे नाव कोणाच्या ओठी नव्हते. तरीही पाहा, हेच महिने चढणीच्या माशाचे आहेत. ज्या उघड्या दारांसाठी माशाच्या बाजूने एक शब्दही कोणी उच्चारला नव्हता, ती दारे त्याला भांडणाच्या कृपेने मिळाली. असे योगायोगाने जे होते, ते विचारपूर्वक इतर बंधाऱ्यांवर करता येणार नाही काय?

पवित्र शास्त्र काय म्हणते

शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग अनेक आहेत आणि बहुतेक सर्व जाळ्याचे आहेत. गळाचा प्रसंग मात्र एकच आहे, आणि तो संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आहे. कफर्णहूम येथे मंदिराचा कर वसूल करणारे पेत्राकडे येतात. प्रभू पेत्राला विचारतो की पृथ्वीवरील राजे जकात कोणाकडून घेतात, स्वतःच्या पुत्रांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असे पेत्र म्हणतो. मग पुत्र मोकळे आहेत, असा निष्कर्ष प्रभू काढतो. तरी कोणाला अडखळण होऊ नये म्हणून पेत्राला सरोवराकडे पाठवतो आणि गळ टाकावयास सांगतो. पहिल्या माशाच्या तोंडात दोघांच्या कराचे नाणे सापडते.

हा प्रसंग मंदिराच्या कराचा आहे, मासेमारीच्या हक्काचा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पवित्र शास्त्रातून हवा तो अर्थ ओढून काढण्याची आमची इच्छा नाही. पण त्यातील एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्याच्याकडे कर भरण्यापुरतेही नाणे नाही, अशा माणसाची गरज भागवण्यासाठी प्रभूने पाठवले ते सरोवराकडे, आणि हाती दिला तो गळ. सरोवराच्या काठी राखणदार उभा असता तर? आधी ठेक्याची पावती दाखव, असे त्याने पेत्राला म्हटले असते तर? पुत्र मोकळे आहेत, हा त्या कथेचा गाभा आहे. नदीकाठच्या गावाची लेकरे नदीला परकी नाहीत.

गणनाच्या ग्रंथात इस्राएल लोक रानात कुरकुर करतात आणि मिसरात फुकट मिळणाऱ्या माशांची आठवण काढतात. ती कुरकुर पापच होती. तथापि फारोच्या गुलामगिरीतही मासा फुकट मिळे, ही आठवण त्यांच्या मनात राहिली होती. स्वतंत्र भारतातील मजुराच्या नातवाला तेवढीही आठवण उरणार नाही. यशया संदेष्टा मिसरावरील विपत्तीचे वर्णन करताना नील नदीत गळ टाकणाऱ्यांच्या शोकाचा वेगळा उल्लेख करतो. आणि यहेज्केल जेव्हा मंदिराच्या उंबऱ्याखालून निघालेल्या जीवनदायी नदीचे दर्शन पाहतो, तेव्हा ती नदी बरी झाल्याची खूण कोणती? तिच्या काठावर मासेमार उभे असतील आणि तिच्यातले मासे नाना जातींचे असतील. नाना जातींचे, हे शब्द ध्यानात घ्यावेत. तीन जातींच्या बोटुकलीने भरलेले पाणी ही त्या दर्शनातील नदी नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने जाते. पृथ्वीवरील वस्तू परमेश्वराने सर्वांसाठी दिल्या आहेत आणि खाजगी मालकी या सर्वसामान्य हेतूच्या अधीन आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात तोच विचार पुढे नेला आणि खाजगीकरणामुळे निसर्गरम्य स्थळे सामान्य माणसाला बंद होत असल्याबद्दल खंत व्यक्त केली. पोप फ्रान्सिस २०२५ साली परमेश्वराघरी गेले. त्यांच्या नावाने मिस्सा झाल्या, भाषणे झाली. त्यांचे परिपत्रक मात्र आपल्या कपाटात राहिले, तर ती श्रद्धांजली अपुरी राहील.

काही आक्षेप

पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर लोकांना येऊ देणे धोक्याचे आहे, असे म्हणतात. धरणाच्या भिंतीजवळ आणि पाणी उपसण्याच्या ठिकाणी मनाई अवश्य असावी. पण मैलोगणती पसरलेल्या काठावर एक माणूस काठी धरून बसला म्हणून पाणी बाटत नाही. ते बाटते ते नाल्यांनी आणि कारखान्यांनी. तीर्थस्थळी मासेमारीमुळे भावना दुखावतात, असेही म्हणतात. तेही मान्य. नांदेडचे घाट शीख आणि हिंदू बांधवांना पवित्र आहेत. तेथे कोणी गळ टाकू नये आणि आपल्या लोकांनी तर मुळीच टाकू नये. पण घाटाचे पावित्र्य पुढे करून सारी नदी कुलूपबंद करता येणार नाही. आणि हे सारे आळशीपणाला उत्तेजन आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही काय सांगावे? दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून संध्याकाळी पोरांच्या ताटासाठी पाण्याकाठी बसणारा माणूस आळशी असेल, तर कष्टाळू कोणाला म्हणायचे, ते त्यांनीच सांगावे.

आमच्या मागण्या

कायद्याच्या दृष्टीने आम्ही काही अशक्य मागत नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवावे असे म्हटले आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजाचा मासे व इतर जलोत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. म्हणजे पैनगंगेकाठच्या आदिवासी बांधवाच्या हक्काला कायद्यात निदान शब्द तरी आहे. मांजरेकाठच्या भूमिहीन मजुरासाठी असा शब्दच नाही. वास्तविक राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यावयाच्या विषयांत मत्स्यव्यवसाय आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. पण शेतीत जसा जमीनदाराबरोबर सरवा वेचणाराही असतो, तसा तो येथेही धरावा. मोआबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली, कारण तो तिचा हक्क होता; त्याला कोणी चोरी म्हटले नाही.

म्हणून आमचे मागणे असे आहे. प्रत्येक ठेक्याच्या करारात एक कलम असावे : काठावरच्या गावांतील रहिवाशाला, एक काठी आणि एक गळ घेऊन, घरच्या खाण्यापुरता मासा पकडण्यास मोकळीक राहील, विक्री करता येणार नाही, जाळे वापरता येणार नाही. अंडी घालण्याच्या पावसाळी महिन्यांत जाळे आणि गळ दोन्ही बंद राहावेत. हा नियम गरिबानेही पाळावा. प्रत्येक नदीवर काही डोह राखीव ठेवावेत, तेथे वाळू उपसू नये आणि परकी बोटुकली सोडू नये. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ पासून कायद्याने बंदी आहे. ती बंदी कागदावरून पाण्यावर उतरावी. आणि ज्या संस्थेत खरा मासेमार सभासद नाही, तिला ठेका मिळू नये.

शासनाने करावयाचे ते असे. आपण काय करणार? वाचकहो, ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणी परवानगी देण्याची गरज नाही. तेथे आपली माणसे बसतात, पण बोलत नाहीत. त्यांनी भोई बांधवांना बरोबर घेऊन बोलावे. धर्मग्रामातील तरुण मंडळाने वृद्धांकडे बसून आपल्या नदीतील माशांची नावे, डोहांची नावे, चढणीच्या जागा वहीत उतरवून घ्याव्यात. ही माणसे गेली की तो ग्रंथ कायमचा मिटेल. बोटाएवढा मासा आणि सुरुंगाने मारलेला मासा कोणीही विकत घेऊ नये. प्रायश्चित्तकाळात एवढा त्याग तरी जमेल. आणि जेथे गरिबाची काठी मोडली जाते तेथे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि धर्मग्रामाच्या परिषदेने त्याच्या बाजूला उभे राहावे, मग तो मिस्साला येणारा असो वा नसो.

पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांना पुन्हा दर्शन दिले ते तिबिर्या सरोवराच्या काठावर. कोळशाचा विस्तव, त्यावर मासा, आणि भाकर. रात्रभर रिकाम्या हाताने परतलेल्यांना त्याने प्रथम न्याहारीला बोलावले. पेत्राला कळप राखण्याची आज्ञा त्यानंतर दिली. क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांच्या हाती आज कळप राखण्याचे काम आहे, मग ते शासनात असोत वा ख्रिस्तसभेत, त्यांनी आधी काठावर कोण उपाशी उभा आहे ते पाहावे. मांजरेच्या आणि गोदावरीच्या काठावरून त्याला उठवू नये. तो तेथे आपल्या घरच्या नदीवर बसला आहे.